अंगणातील शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचे व्रत घेतले. १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. परंतु शहरातील मुलांना लाभणारे शिक्षण खेड्यातील मुलांना का मिळू नये, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया व खडे वापरले. तरीही गरिबांची मुले बालवाडीत येईनात. कोणी धाकटे भावंड सांभाळी, कोणी गुरे राखी. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्याकडे जावे, असे ठरवून त्यांनी वस्तीतील अंगणातच वर्ग भरविला. हीच अंगणवाडी! पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी कार्य केले. गुराख्यांसाठी कुरणातही शाळा भरू लागली. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या. आज बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील वस्त्यांतूनही अंगणवाड्या भरतात. त्यांचे नाव ठाऊक नसलेली चिमुकली बाळेही त्यांच्याच अंगणात खेळत असतात.