मार्टिनस बायेरिंक : पिकावरचा विषाणू ओळखणारा शास्त्रज्ञ

सोयाबीन, हरभरा पेरताना आपण बियाण्याला रायझोबियम लावतो, ज्वारीला ॲझोटोबॅक्टर. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू १८८८ मध्ये वेगळे करून वाढवणारे आणि १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टरचे वर्णन करणारे शास्त्रज्ञ एकच, मार्टिनस बायेरिंक. भेंडीचा केवडा किंवा टोमॅटोवरील लीफ कर्ल एकदा झाडात शिरला की फवारणीने का जात नाही, याचे मूळ उत्तरही त्यांच्याच कामात सापडते.

तंबाखूशी जुने नाते

बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. तो बुडाला आणि त्यांना रेल्वेत कारकुनी करावी लागली. ओढगस्तीतच मुलगा डेल्फ्टला शिकला. १८७६ मध्ये तो वॅगेनिंगेन येथील कृषी शाळेत शिक्षक झाला.

तेथे अडॉल्फ मेयर हे शास्त्रज्ञ तंबाखूच्या एका रोगावर काम करत होते. पानांवर फिकट आणि गडद हिरवे चट्टे पडत, पाने वेडीवाकडी होत. रोगट पानांचा रस निरोगी झाडात टोचला की तेही रोगट होई. मेयर यांना वाटले, हा जिवाणूच असणार. बायेरिंक यांनी शोध घेतला, पण जिवाणू सापडला नाही.

१८८५ मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट व मद्यार्क कारखान्यात रुजू झाले. १८९५ मध्ये तेथील पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाल्यावर त्यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला.

गाळूनही न जाणारा रोग

रोगट पानांचा रस त्यांनी चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळला. या गाळणीत जिवाणू अडकतात. तरीही गाळलेल्या रसाने रोग झाला. रशियात इव्हानोव्स्की यांना १८९२ मध्ये हेच दिसले होते, पण त्यांनी जिवाणूची कल्पना सोडली नाही. बायेरिंक पुढे गेले.

रसातले हे एखादे विष असते, तर झाडागणिक पातळ होत संपले असते. पण थेंबभर रसाने रोगट झालेल्या झाडाचा रस पुढच्या झाडांनाही तितकाच रोगट करी. म्हणजे ते वाढत होते. मात्र नुसत्या रसात ते वाढत नव्हते. वाढ होई ती फक्त जिवंत झाडात, तीही कोवळ्या, पेशी विभागत असलेल्या भागात. यावरून १८९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की रोगाचे हे कारण पेशीतल्या जिवंत द्रव्यात मिसळते आणि पेशीसोबतच वाढते. त्यासाठी त्यांनी विषाणू, म्हणजे व्हायरस, हा शब्द वापरला.

एक गोष्ट मात्र चुकली. विषाणू हा द्रव आहे, असे त्यांना वाटले. तो कण असतो हे पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. करड्या शिस्तीचे आणि तापट म्हणून ओळखले जाणारे बायेरिंक अविवाहित राहिले. १९२१ मध्ये निवृत्त होऊन ते गोर्सेल या गावी गेले आणि १ जानेवारी १९३१ रोजी तेथेच वारले.

आपल्या शेताशी संबंध

तंबाखूचा तो मोझॅक प्रामुख्याने हात, अवजारे आणि रोगट रसाच्या स्पर्शाने पसरतो. केवडा आणि लीफ कर्ल पांढरी माशी पसरवते, तर पपईचा रिंगस्पॉट मावा. वाहक वेगळे असले, तरी पेशीत शिरल्यावरची रीत बायेरिंक यांनी ओळखलेलीच आहे. विषाणूकडे स्वतःची यंत्रणा नसते. पांढरी माशी रस शोषताना लीफ कर्लचा विषाणू झाडाच्या अन्नवाहिनीत सोडते. तो पेशीच्या केंद्रकात जातो. वाढ थांबलेल्या पेशीलाही तो डीएनएच्या प्रती काढण्याचे काम पुन्हा सुरू करायला लावतो आणि त्यात स्वतःच्या प्रती काढून घेतो. पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून तो शेजारच्या पेशीत आणि अन्नवाहिनीतून कोवळ्या शेंड्यापर्यंत पोचतो.

विषाणू झाडाच्याच यंत्रणेवर चालतो, म्हणून झाड वाचवून विषाणू मारणारे औषध शेतासाठी उपलब्ध नाही. बुरशीनाशक किंवा प्रतिजैविक फवारून केवळ खर्च वाढतो. त्यामुळे विषाणू झाडात शिरण्याआधीच अडवावा लागतो.

• रोपवाटिका कीडरोधक जाळीत करावी. प्रतिकारक वाण निवडावेत.
• पहिली रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत. पांढरी माशी असल्यास आधी तिचे नियंत्रण करावे, नाहीतर उपटताना ती उडून शेजारच्या झाडांवर बसते.
• पिवळे चिकट सापळे लावून पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवावे. बांधावरची यजमान तणे काढावीत.
• पपईत केवळ कीटकनाशकावर विसंबू नये. मावा मरण्याआधी सोंड टोचतो आणि तेवढ्यात रोग लागतो.
• टोमॅटो, मिरचीच्या रोपांना हात लावण्यापूर्वी तंबाखू मळू नये. मळल्यास हात साबणाने धुवावेत. बायेरिंक यांनी अभ्यासलेला मोझॅक याच वाटेने शेतात येऊ शकतो.