ताऱ्यांची खातेवही लिहिणारी बाई

खगोलशास्त्रज्ञ म्हटला की दुर्बिणीला डोळा लावून रात्र जागवणारा माणूस आपल्या नजरेसमोर येतो. विल्यमिना फ्लेमिंग या बाईने मात्र आपले बहुतेक काम दिवसाउजेडी, मेजावर वाकून, हातात भिंग धरून केले. आयुष्यभर बँकेच्या खातेवह्यांत मान घातलेल्या माझ्यासारख्या माणसाला ती आपल्याच बिरादरीतली वाटते.

तिचा जन्म १८५७ साली स्कॉटलंडमधल्या डंडी गावी झाला. ती सात वर्षांची असतानाच वडील गेले. चौदाव्या वर्षी ती शिकता शिकता शिकवू लागली. विसाव्या वर्षी लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी नवरा-बायको अमेरिकेत बोस्टनला आली. तिथे दिवस गेलेले असताना नवरा तिला सोडून निघून गेला. परक्या देशात, हाती पैसा नाही अशा अवस्थेत तिने मोलकरणीचे काम धरले. ते घर होते हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांचे.

आपल्या पुरुष सहायकांपेक्षा घरची मोलकरीण चांगले काम करील, असे पिकरिंग वैतागून म्हणाल्याची आख्यायिका आहे. खरेखोटे कोण जाणे! बाळंतपणासाठी ती मायदेशी गेली आणि मुलाच्या नावात तिने पिकरिंग यांचे नाव घातले. १८८१ पासून ती वेधशाळेत कायमची रुजू झाली.

तिथे काचेच्या पट्ट्यांवर आकाशाची छायाचित्रे घेतली जात. दुर्बिणीपुढे लोलक बसवला की प्रत्येक ताऱ्याच्या ठिपक्याऐवजी त्याचा इवलासा वर्णपट उमटे. ते वर्णपट तपासून ताऱ्यांची वर्गवारी लावायची, हे विल्यमिनाचे काम. १८९० साली निघालेल्या यादीत दहा हजारांहून अधिक तारे होते आणि त्यांतली बहुतेक वर्गवारी तिची होती. मृग नक्षत्रातला घोड्याच्या डोक्यासारखा काळा ढग तिनेच १८८८ सालच्या एका काचेवर हेरला, पण पहिल्या छापील यादीत त्याचे श्रेय पिकरिंग यांच्या खाती जमा झाले. नोंद कारकुनाने करावी आणि खाली सही साहेबाची असावी, हा प्रकार आपल्याला नवा नाही!

तिचा खरा हातखंडा होता तो रूपविकारी ताऱ्यांचा. रूपविकारी म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होते असे तारे. असे तीनशेहून अधिक तारे आणि दहा नवतारे तिने शोधले. १८९९ साली स्वरमंडल तारकासमूहातला एक तारा तिच्या नजरेत भरला. सुमारे १३ तास ३६ मिनिटांत त्याचे तेज एक फेरी पूर्ण करते. त्याला आज आरआर लायरी म्हणतात आणि त्याच्या सगळ्या जातीलाही तेच नाव मिळाले आहे.

या जातीचे मोल पुढे कळले. हे तारे फार म्हातारे, सुमारे हजार कोटी वर्षांचे किंवा त्याहूनही जुने. त्यांची बाहेरची आवरणे फुगतात आणि आक्रसतात, म्हणून तेज बदलते. मुख्य म्हणजे त्यांचे मूळचे सरासरी तेज जवळजवळ सारखे असते. एकाच वॅटचे दिवे लांबवर लावले, तर त्यांच्या मंदपणावरून अंतर सांगता येते, तसेच हे. तारा दुप्पट लांब असेल तर चौथाई दिसणार. हार्लो शॅप्ली यांनी अशा ताऱ्यांच्या मदतीने तारकागुच्छांची अंतरे मोजली आणि आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही, हे १९१८ साली दाखवून दिले.

आकाशगंगेच्या तबकडीभोवती विरळ ताऱ्यांचे एक प्रचंड प्रभामंडल आहे. तिथले तारे सारखे पसरलेले असावेत, असा समज होता. पण आरआर लायरी तारे मोजता मोजता त्यांचे पुंजके आणि पट्टे सापडू लागले. २००१ साली व्हेनेझुएलातल्या वेधांतून कन्या राशीच्या दिशेला अशीच एक गर्दी आढळली. धनु राशीकडे १९९४ साली सापडलेल्या छोट्या दीर्घिकेचे तारे तर ओढल्या गेलेल्या धाग्यासारखे आकाशभर पसरले आहेत. आपल्या आकाशगंगेने लहान दीर्घिका गिळल्या, त्यांचे हे अवशेष. गैया यानाच्या २०२२ सालच्या यादीत या जातीचे अडीच लाखांहून अधिक तारे आहेत.

विल्यमिनाला १८९९ मध्ये छायाचित्र संग्रहाच्या प्रमुखपदी हार्वर्डची अधिकृत नेमणूक मिळाली. १९०६ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सन्माननीय सदस्यत्व दिले. पगार मात्र वर्षाला १५०० डॉलर, आणि पुरुष सहायकांना २५००. मुलगा एमआयटीत शिकत होता आणि घर तिलाच चालवायचे होते. १९०० सालच्या रोजनिशीत तिने हे दुःख मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. काम मात्र तिने कधी सोडले नाही. १९११ च्या मे महिन्यात न्यूमोनियाने ती गेली, तेव्हा वय अवघे चोपन्न होते.

पुनावळ्याच्या आमच्या इमारतींच्या झगमगाटात रात्री मोजकेच तारे दिसतात; आरआर लायरी तर स्वच्छ आकाशातही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सकाळी मात्र धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांची रांग फाटकाशी रोज दिसते. त्यांच्यातल्या कुणाच्या हाती कोणते भिंग शोभले असते, हे आपण कधी विचारले आहे का? पिकरिंग यांनी विचारले, म्हणून विश्वाच्या वहीत एवढी जमा झाली.