विश्लेषण : शोकात बुडालेल्या याकोबाला देववाणी का ऐकू येईना? ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीज काय सांगतात?

दुःखात किंवा रागात असलेल्या माणसाला ईश्वरी संदेश मिळत नाही, असे मोझेस मायमोनिडीज यांनी तरुणपणी लिहून ठेवले. ज्यू परंपरा त्यांना ‘रामबाम’ म्हणते आणि मोठे धर्मशास्त्री मानते. पुढे त्यांच्यावरच असे दुःख कोसळले.

कोण होते मायमोनिडीज?

जन्म स्पेनमधील कॉर्डोबाचा, ११३८ च्या सुमाराचा. वडील ज्यूंचे न्यायाधीश. ११४८ मध्ये अलमोहादांनी शहर घेतले आणि इतर धर्मीयांना तिथे राहणे अशक्य झाले. कुटुंब भटकत मोरोक्कोतील फेज, ११६५ मध्ये पॅलेस्टाइनमधील एकर आणि अखेर इजिप्तमध्ये, आजच्या कैरोतील फुस्तातला पोहोचले. या धावपळीतच ‘मिश्ना’ या ग्रंथावरचे त्यांचे भाष्य ११६८ मध्ये पुरे झाले.

याकोबाचे उदाहरण का?

वरचा नियम याच भाष्यात आहे. योसेफाचा रक्ताने माखलेला झगा पाहून याकोबाने मुलगा मेला असे मानले. ज्यू परंपरेनुसार त्या शोकाच्या काळात त्याला देववाणी झाली नाही. योसेफ जिवंत असल्याचे कळल्यावर ती परतली. मायमोनिडीज यांच्या मते संदेष्टा होणे हा चमत्कार नव्हे. त्यासाठी शील, अभ्यास आणि तल्लख कल्पनाशक्ती लागते. कल्पनाशक्ती ही शरीराची शक्ती, म्हणून ती शोकाने थकते. मूळपुरुष अब्राहामालाही त्यांनी असेच पाहिले. लहानपणापासून आकाशातील ग्रहगोल कोण फिरवतो याचा विचार करत तो एकेश्वराच्या निष्कर्षाला आला. त्याच्या तंबूशी आलेले तीन पाहुणे मात्र दृष्टान्तातले. अपवाद फक्त मोशेचा : त्याला जागेपणी संदेश मिळे.

भावाचे काय झाले?

घर धाकट्या डेव्हिडच्या रत्नव्यापारावर चाले. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून, भारताकडे निघण्यापूर्वी, त्याने मोठ्या भावाला लिहिलेले पत्र आज केंब्रिज विद्यापीठात आहे. त्याचे जहाज हिंदी महासागरात बुडाले. घरचा आणि इतरांचाही पैसा गेला; मागे राहिली डेव्हिडची पत्नी आणि लहान मुलगी. मायमोनिडीज सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले. आठ वर्षांनंतरही, भावाचे हस्ताक्षर दिसले की जीव कासावीस होतो, असे त्यांनी एकरमधील एका परिचिताला कळवले. ज्याला मांडीवर खेळवले, शिकवले, तोच गेला होता.

त्यानंतर पोटासाठी वैद्यकी आली. सलादिनच्या दरबारापर्यंत नाव झाले. ११८० च्या सुमारास १४ भागांची धर्मसंहिता ‘मिश्ने तोरा’ आणि ११९० च्या आसपास अरबीत ‘गोंधळलेल्यांसाठी मार्गदर्शक’ हा ग्रंथ पूर्ण झाला. त्यात तोच नियम पुन्हा आहे, याकोबासकट. स्वतःच्या दुःखाने त्यांनी तो सैल केला नाही. उलट रुंद केला. देशोधडीला लागलेल्या, परक्यांच्या सत्तेखाली पिचणाऱ्या समाजात संदेष्टे जन्मत नाहीत, मसीहाच्या काळात ते परततील, असे त्यांनी मांडले.

वाद का झाला?

पाहुणे दृष्टान्तातले, तसे याकोबाचे देवदूताशी झुंजणेही दृष्टान्तातले, असे ते म्हणत. मग उठल्यावर याकोब लंगडत का होता, असा नाखमानिडीज यांचा बिनतोड सवाल होता. १२३२ मध्ये फ्रान्समधील काही धर्मगुरूंनी ‘मार्गदर्शक’वर बंदी घातली. तोवर मायमोनिडीज जाऊन २८ वर्षे झाली होती. डिसेंबर १२०४ मध्ये फुस्तातला त्यांचे निधन झाले. परंपरेनुसार त्यांची कबर गालील सरोवराकाठी तिबिरियात आहे.