बिशप बार्तोलोमे दे लास कासास

धर्माच्या नांवाखालीं जगांत जे जुलूम झाले त्यांच्या कथा वाचतांना मन उद्विग्न होतें. आणि त्या जुलमांत धर्मगुरूंचाच हात होता असें दिसून आलें म्हणजे तर मान खालीं जाते. तथापि असा इतिहासही वाचला पाहिजे. कारण आपल्याच लोकांचा अन्याय त्यांच्या तोंडावर सांगणारे पुरुष त्याच इतिहासांत भेटतात. अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

लास कासास ह्याचा जन्म स्पेन देशांतील सेव्हिल शहरीं सन १४८४ मध्यें एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. हिंदुस्थानचा जलमार्ग शोधावयास निघालेला कोलंबस सन १४९२ त अमेरिकेच्या बेटांस लागला, व तोच हिंदुस्थानचा प्रदेश समजून तेथील रहिवाशांस त्यानें इंडियन हें नांव दिलें. पुढल्या वर्षीं तो सेव्हिल येथें आला, तेव्हां त्याच्याबरोबरचे इंडियन लोक व रंगीबेरंगी पोपट आमच्या चरित्रनायकानें बाळपणीं पाहिले. सन १५०२ त तो स्वतः हिस्पानिओला बेटावर जाऊन राहिला.

त्या बेटावर एक वहिवाट पडली होती. प्रत्येक मोठ्या वसाहतवाल्यास कांहीं इंडियन लोक नेमून देत. त्यांनीं त्याच्या शेतांत व सोन्याच्या खाणींत राबावें, आणि त्यानें त्यांचें रक्षण करून त्यांस ख्रिस्ती धर्म शिकवावा, असा नियम होता. त्यांतील धर्मशिक्षण बहुतेक कागदावरच राहिलें. वेठ मात्र खरी झाली. अतिश्रमानें, उपासमारीनें, तलवारीनें आणि युरोपांतून आलेल्या रोगांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. लास कासास ह्यासही असे वेठकरी मिळाले होते, आणि धर्मगुरुपदाची दीक्षा घेतल्यावरही त्यानें ते सोडले नाहींत.

सन १५११ त नाताळापूर्वींच्या रविवारीं मोंतेसिनोस नामक डोमिनिकन संघाच्या धर्मगुरूनें भर मंदिरांत अधिकाऱ्यांसमोर ह्या जुलमाचा निषेध केला. अधिकारी संतापले, व शब्द परत घेण्याविषयीं त्यांनीं आग्रह धरिला. तेव्हां पुढल्या रविवारीं त्यानें तेंच अधिक निक्षून सांगितलें. लास कासास ह्याचें मन मात्र अद्याप पालटलें नव्हतें.

पुढें क्यूबा बेट जिंकण्यास निघालेल्या सैन्याबरोबर तो धर्मगुरु म्हणून गेला. त्या बेटावरील हातुए नांवाच्या सरदारास स्पॅनिश लोकांनीं सन १५१२ त जिवंत जाळलें होतें. त्याची हकीकत लास कासास ह्यानेंच पुढें लिहून ठेविली आहे. चितेपाशीं एका संन्याशानें हातुएस बाप्तिस्मा घेऊन स्वर्गास जाण्याचा उपदेश केला. स्पॅनिश लोकही तेथेंच जातात काय, असें हातुएनें विचारलें. चांगले असतील ते जातात, असें उत्तर मिळतांच त्यानें तो स्वर्ग नाकारला. पवित्र शास्त्र हातीं घेऊन चितेपाशीं उभ्या राहिलेल्या मनुष्यानें त्या धर्माची केवढी हानि केली, ह्याचा विचार वाचकांनींच करावा. काओनाओ गांवीं तर लोकांनीं सैन्यास अन्न आणून दिलें असतां सैनिकांनीं त्यांचीच कत्तल आरंभिली. लास कासास आड आला, पण त्याच्यानें ती थांबवली नाहीं. एवढें पाहूनही त्यानें त्या बेटावर जमीन व वेठकरी स्वीकारलेच!

सन १५१४ त पेंटेकॉस्ट सणाच्या उपदेशाची तयारी करीत असतां, गरिबांपासून हिरावून घेतलेल्या धनाचें अर्पण देवास मान्य होत नाहीं, ह्या अर्थाचा शास्त्रांतील उतारा त्याच्या वाचनांत आला. आपण वेदीवर जें अर्पण करितों तेंही वेठीच्या घामाचेंच, हें त्यास कळून चुकलें. त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं उपदेशपीठावरून त्यानें आपले सर्व वेठकरी सोडल्याचें जाहीर केलें, आणि श्रोत्यांसही तसें करण्यास सांगितलें. आधीं स्वतःच्या पदरचें सोडून मग दुसऱ्यास उपदेश केला, हेंच आम्हांस त्याच्या चरित्रांतील मुख्य कृत्य वाटतें.

त्याच्या हातून एक मोठा दोषही घडला. इंडियन लोक वांचावे म्हणून, त्यांच्या ऐवजीं आफ्रिकेंतील गुलाम आणावे, अशी सूचना त्यानें सरकारास केली. पुढें आफ्रिकन लोकांवरही तसाच अन्याय झाला आहे, हें उमगून त्यानें आपल्या इतिहासग्रंथांत ह्याबद्दल तीव्र पश्चात्ताप लिहून ठेविला.

डोमिनिकन संघांत शिरल्यावर त्यानें एका ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, बुद्धीस पटवून व प्रेमानें मन वळवून धर्म सांगणें हाच एक मार्ग होय. त्याची प्रचीति त्यानें ग्वाटेमालांत दाखविली. तेथें स्पॅनिश सैन्यास दाद न देणारा एक प्रांत युद्धभूमि म्हणून प्रसिद्ध होता. सन १५३७ त, पांच वर्षेंपर्यंत तेथें कोणी स्पॅनिश वसाहतवाला शिरणार नाहीं, असें वचन सरकारी अधिकाऱ्याकडून घेऊन त्याच्या संघाचे लोक शस्त्रांवांचून तेथें गेले. पुढें त्याच प्रांतास खऱ्या शांतीचा प्रदेश ह्या अर्थाचें नांव मिळालें.

त्याच्या खटपटीस यश येऊन सन १५४२ त बादशहा पांचवा चार्ल्स ह्यानें इंडियन लोकांस गुलाम करण्याची मनाई केली, व वेठीची वहिवाट हळूहळू बंद पडावी असे कायदे केले. पुढें लास कासास चियापास प्रांताचा बिशप झाला. गुलाम न सोडणाऱ्यांस पापमुक्ति देऊं नये, असा त्यानें आपल्या धर्मगुरूंस हुकूम केला. तेव्हां श्रीमंत वसाहतवाले तर खवळलेच. परंतु त्याच्याच मंदिराच्या मुख्य पाद्र्यानें तो हुकूम मोडला! वसाहतींतून इतका विरोध झाला कीं, सन १५४५ त सरकारनेंही त्या कायद्यांतील महत्त्वाचें कलम मागें घेतलें. सन १५४७ त लास कासास स्पेनला परतला तो कायमचाच.

सन १५५० त बादशहाच्या आज्ञेवरून वायादोलिद शहरीं पंडितांची सभा भरली. आधीं युद्धानें जिंकावें व मग धर्म सांगावा, हा पक्ष सेपुल्वेदा नामक विद्वानानें मांडला. लास कासास ह्यानें पांच दिवस आपला प्रबंध वाचून, सर्व मनुष्यजाति एकच आहे, हें प्रतिपादन केलें. सभेनें जाहीर निकाल दिला नाहीं. लास कासास मात्र अखेरपर्यंत त्याच कार्यासाठीं लिहीत व भांडत राहिला, आणि सन १५६६ त माद्रिद येथें मरण पावला.

तो हयात असतांनाच, सन १५६० त, आपल्या शेजारच्या गोव्यांत पोर्तुगीजांचें इन्क्विझिशन न्यायासन स्थापन झालें. तें मधल्या थोड्या काळाखेरीज सन १८१२ पर्यंत चाललें, आणि त्याच्या आसनांवर धर्मगुरूच बसत. ह्या गोष्टी ख्रिस्ती शाळेनें झांकून ठेवूं नयेत, असें आम्हांस वाटतें. जुलूम करणाऱ्या हाताइतकाच त्यास आशीर्वाद देणारा हातही दोषी असतो, आणि आशीर्वाद देण्याचा मोह कोणत्याही धर्माच्या गुरूस होऊं शकतो. विद्यार्थी मित्रहो, परक्यांचे दोष काढण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. आपल्या लोकांचा अन्याय, आणि त्यांतील आपला वांटा, ओळखून तो टाकून देण्यास मात्र तें लागतें. तें धैर्य ईश्वर आपणां सर्वांस देवो!