वस्तादाविना पैलवान होतो का?

शिवारफेरी आटोपून पारावर टेकलो की पोरं औषध-फवारणीचं कमी आणि कुस्तीचं जास्त विचारतात. शिरवळ भागात हे नवीन नाही. परवा मात्र एकाने वेगळंच विचारलं. गावची तालीम बंद पडलेली, वस्ताद राहिले नाहीत, जोडीदार कारखान्यात पाळीवर जाणारे. मग मोबाईलवर डाव बघून आणि ओसरीवर जोर-बैठका मारून पैलवान होता येईल का? मी काही मल्ल नव्हे, खात्याचा माणूस. म्हणून सल्ला देण्याऐवजी आपल्याच जिल्ह्यातल्या खाशाबा जाधवांची हकिकत त्याला सांगितली. तीच इथे देतो.

खाशाबांचा जन्म कऱ्हाडला लागून असलेल्या गोळेश्वर गावचा, १५ जानेवारी १९२६ चा. घर शेतकऱ्याचं. वडील दादासाहेब स्वतः पैलवान आणि पाच भावांत खाशाबा धाकटे. म्हणजे पहिला वस्ताद घरातच आणि झोंबायला थोरले भाऊही घरातच. बहुतेक मोठ्या मल्लांचं असंच असतं, आपण मात्र फक्त पदक बघतो. पुढे कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकताना आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांना बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचं मार्गदर्शन मिळालं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान कवेत धरायची, कंबर वळवायची आणि जमिनीवर घ्यायचं. लिहायला सोपं आहे. पण समोरचा कधी हिसडा देईल, कोणत्या पायावर भार टाकेल, हे अंगाला अंग लागल्याशिवाय कळत नाही.

एकट्याने मेहनत करायची सोय आपल्या जुन्या लोकांनी केली नव्हती असं नाही. मल्लखांब म्हणजे लाकडाचा जोडीदारच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ती विद्या पुन्हा उभी केली. खांबाने पकड येते, दम येतो, अंग लवचिक होतं. पण खांब उलटा डाव टाकत नाही! त्यामुळे मल्लखांब करणाऱ्यालाही कुस्तीसाठी शेवटी हौद्यात उतरावंच लागे.

१९४८ साली लंडनची ऑलिम्पिक झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा गेले. वजन गट ५२ किलोचा. तिथे गेल्यावर खरी पंचाईत कळली. सगळं आयुष्य तांबड्या मातीत गेलेलं आणि कुस्ती गादीवर. मातीत पाय रुततो, गादीवर तसा आधार नाही. गुणांचे नियमही निराळे. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तिथे तयार केलं. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचा आणि अमेरिकेचा मल्ल हरवला, इराणच्या मन्सूर रईसीकडून हार झाली आणि सहावा नंबर आला. पहिल्यांदाच गादीवर उतरलेल्या माणसाने सहावा नंबर काढला, हे मला तरी पदकाइतकंच मोठं वाटतं. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांना गुरू नव्हता असं नाही, पण नवीन जमिनीला नवीन गुरू लागला. बागायतदाराला कोरडवाहूचा सल्ला पुरत नाही, तसंच हे.

परत आल्यावर चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवली आणि वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या गटात गेले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड होताना अन्याय झाल्याची त्यांची तक्रार होती. ती पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी ती मारली. आता प्रश्न पैशाचा. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! पोराला शिकवणारा वस्ताद जितका लागतो, तितकाच त्याच्यामागे उभा राहणारा गावही लागतो.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी पाडले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हातची गेली. हाच इशी पुढे सुवर्णपदकाचा धनी झाला. ती कुस्ती संपते न संपते तोच रशियाच्या मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावलं. नियमाने अर्धा तास विसावा मिळायला हवा होता. पण बाजू मांडायला आपला अधिकारी जागेवर नव्हता, आणि दमलेले खाशाबा हरले. तरी कांस्यपदक आलं. दिवस २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं.

कऱ्हाड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या. तिथून गोळेश्वर हाकेच्या अंतरावर, पण मिरवणुकीला सात तास लागले. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचा फड लावला आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघा दुखावल्यामुळे १९५६ ची ऑलिम्पिक हुकली. सत्तावीस वर्षं नोकरी करून सहायक आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या पश्चात मिळाला. जिवंतपणी मिळाला असता तर काय बिघडलं असतं, हे दिल्लीवाल्यांनाच ठाऊक. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात.

पोराला एवढं सांगितल्यावर तो म्हणाला की तालीमच नाही तर जाऊ कुठे. त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती, की येत्या १५ जानेवारीच्या आत बंद तालमीचं कुलूप काढा. हौद्यातली जुनी माती खणून चाळा, खडे वेचा. तांबडी माती कमी पडली तर भर घाला. तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून ती मळून घ्या. मग तालुक्यातला एखादा जुना पैलवान आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी येईल का, हे घरी जाऊन विचारा. गुडघे गेले असले तरी काठावर बसून तो चूक दाखवेल, आणि दोन पोरं जमली की जोडीदाराचा प्रश्नही सुटला.