विश्वकिरणांपासून कणत्वरकापर्यंत : डॉ. होमी भाभा यांनी घातलेला पाया

मुंबई, ३० ऑक्टोबर : भारतीय अणुविज्ञानाचे शिल्पकार डॉ. होमी जहांगीर भाभा यांची आज जयंती. अणुभट्ट्या आणि वीजनिर्मितीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले असले, तरी अणुकेंद्राचे मूलभूत संशोधन स्वदेशातच व्हावे, हा त्यांचा आग्रहही तितकाच मोलाचा होता.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सुखवस्तू पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. मुलाने अभियंता होऊन टाटांच्या जमशेदपूर येथील पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, यंत्र अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळवली आणि मग भौतिकशास्त्राची वाट धरली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे त्यांनी मांडलेले गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असतानाच महायुद्ध पेटले आणि त्यांचा मुक्काम लांबला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू केले. देशात मोठे कणत्वरक नव्हते. अतिवेगवान कण मिळत, ते आकाशातूनच. परदेशी परतून संशोधन करणे सोपे होते. भाभांनी मात्र येथेच संस्था उभारण्याचे ठरवले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहिले. अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याच्या सुमारे दीड वर्ष आधीची ही गोष्ट.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षअखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरील बंगल्यात आली. १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा केंद्राची उभारणी सुरू झाली आणि १९५६ मध्ये तेथे 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली. भाभांच्या हयातीतच तुर्भे येथे साडेपाच दशलक्ष व्होल्टचा व्हॅन द ग्राफ त्वरकही आला. परंतु २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

पुढचा टप्पा त्यांनी घडवलेल्या पिढीने गाठला. १९७७ मध्ये कोलकाता येथे सायक्लोट्रॉन, तर १९८८ मध्ये कुलाब्यात पेलेट्रॉन सुरू झाला. वेगवान कणांचा झोत लक्ष्यावर आदळला की निसर्गात सहसा न आढळणारी अस्थिर अणुकेंद्रे निर्माण होतात. त्यांतील काहींचे आयुष्य सेकंदाहूनही कमी असते. तेवढ्या अवधीत ती वेगळी करून पुन्हा प्रवेगित करण्याचे काम कोलकात्याच्या केंद्राने हाती घेतले. ताऱ्यांमध्ये जड मूलद्रव्ये कशी घडतात, याचा उलगडा अशा केंद्रांच्या अभ्यासातून होतो. भाभांना ही यंत्रे पाहता आली नाहीत. ती चालवणारे हात मात्र त्यांच्याच संस्थांनी घडवले.