शाळा मुलाच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

चिंचोके मोजून बेरीज करणे, चित्रे पाहून गोष्ट सांगणे, मातीची फळे घडविणे, टाळ्यांच्या तालावर गाणे म्हणणे, अशा उपक्रमांचे आज प्राथमिक शाळेच्या वर्गात कोणालाच नवल वाटत नाही. बाळकुमच्या पालकांनाही आपली मुले खेळत खेळत शिकावीत असेच वाटते. शंभर वर्षांपूर्वी मात्र बहुसंख्य शाळांत मुलांच्या वाट्याला पाटी, पाढे, घोकंपट्टी आणि छडी एवढेच येत असे. हे चित्र पालटण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या कार्याचे शेवटचे आणि सर्वांत कसोटीचे पर्व त्या वेळच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच घडले. म्हणून त्यांचा जीवनपट आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शिकविणे बहुतेक घरांत अनावश्यक मानले जाई, त्या काळात केळकरांच्या घरी शिक्षणाला मान होता. ताराबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी १९१४ साली संपादन केली. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही आणि १९२१ साली त्या विभक्त झाल्या. त्या काळी हा प्रसंग एखाद्या स्त्रीचे सार्वजनिक जीवन संपविण्यास पुरेसा होता. ताराबाईंनी मात्र राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी स्वीकारली आणि त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

राजकोटहून फार दूर नसलेल्या भावनगरात त्या वेळी एक वेगळा प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. त्यामागे प्रेरणा होती इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांची. त्यांनी १९०७ साली रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. मूल हाताने शिकते, डोळ्यांनी व कानांनी शिकते, आणि योग्य साधन हाती आले की स्वतःची चूक स्वतःच सुधारते, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत कमी-अधिक जाडीचे दट्टे बसविताना एखादा दट्टा चुकला, तर शेवटी एक उरतो. मग शिक्षिकेने रागावण्याचे कारण राहत नाही. खरकागदाच्या अक्षरावरून बोट फिरविताना लिहिण्याचे वळण आधी हाताला कळते, पेन्सिल नंतर येते.

ताराबाई १९२३ साली भावनगरला गेल्या आणि सुमारे नऊ वर्षे तेथे राहिल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाईंच्या बरोबरीने ताराबाईंनी लेखन, संपादन आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण यांत स्वतःला वाहून घेतले. ‘शिक्षणपत्रिका’ मासिकातून हे विचार आधी गुजराती आणि नंतर मराठी पालकांपर्यंत पोहोचले. मुंबईस परतल्यावर १९३६ साली दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले. मध्यमवर्गीय पालकांनी या शाळेचे स्वागत केले आणि ताराबाईंचे नाव महाराष्ट्रभर झाले.

येथवरची वाटचाल कोणालाही कृतार्थ वाटावी अशी होती. पण दादरच्या बालमंदिरातील साधने महाग होती आणि तेथे येणारी मुले सुस्थित घरांतील होती. मूळ प्रयोग मात्र रोमच्या गरीब वस्तीत झाला होता. जे शिक्षण मोलाचे आहे ते पैसेवाल्यांच्याच मुलांना का मिळावे, हा प्रश्न ताराबाईंपुढे होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी शहरातील स्थिरस्थावर काम मागे ठेवले आणि डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताईंना कोवळ्या वयातच वैधव्य आले होते. शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. पुढील सत्तेचाळीस वर्षे, म्हणजे १९९२ साली आपल्या निधनापर्यंत, त्यांनी हे कार्य सोडले नाही.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली तरी गरिबांची आणि दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. मुले येत नसतील तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. घरापुढच्या अंगणात मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी व खेळ घ्यायचे, असा क्रम सुरू झाला. अंगणातील या बालवाडीला अंगणवाडी हे नाव पडले. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले आणि ते देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले.

साधनांचा प्रश्नही परिसरानेच सोडविला. समुद्रकाठचे शंख-शिंपले, रानातील बिया, खडे, पाने, काड्या आणि माती हेच वर्गाचे साहित्य झाले. दहा बियांचा एक ढीग असे दहा ढीग मांडले की शंभर ही संख्या मुलाला डोळ्यांनी दिसते. पाने लहान-मोठी लावताना क्रम समजतो, वेगवेगळ्या आकारांचे शिंपले निवडताना वर्गीकरण समजते. साधन महाग की स्वस्त, हा प्रश्न गौण ठरला. त्यातून मुलाचे हात आणि बुद्धी एकत्र कामाला लागतात की नाही, एवढेच पाहायचे होते. वर्गातील कोणत्याही उपक्रमाची पारख करण्यास ही कसोटी आजही पुरेशी आहे.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य जवळच्याच कोसबाड टेकडीवर आदिवासींमध्ये नेण्यात आले. वारली पाड्यांवरील अडचण निराळी होती. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरे राखी आणि तेवढीच मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे. आईबाप दिवसभर मजुरीवर असत. अशा घराला मुलांना शाळेत पाठवा असे सांगणे सोपे होते, पण त्याने काही साधले नसते. ताराबाईंनी त्या घराची अडचणच शाळेच्या रचनेत सामावून घेतली. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यापुढच्या मुलांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक वर्ग ही तिन्ही एकाच आवारात आली. भावंड पाळणाघरात गेल्यामुळे ताईला वर्गात बसता आले. या योजनेला विकासवाडी असे नाव मिळाले. गुराख्यांना शाळेत येता येईना, तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण किताबाने गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे चालविले, वाढविले आणि लेखनाद्वारे महाराष्ट्रापुढे मांडले. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्याने बोर्डी आणि कोसबाड ही गावे आता त्या जिल्ह्यात मोडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली वय वर्षे तीन ते आठ हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांना जोडणारा हा विचार कोसबाडच्या टेकडीवर कित्येक दशके आधी प्रत्यक्षात आला होता.

ताराबाईंच्या चरित्रातून आम्हाला एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. शाळेत चाललेला उपक्रम कितीही सुंदर असला, तरी त्यात कोण नाही हे पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान झाले नाही. आज बाळकुम, कोलशेत आणि घोडबंदर रस्त्याच्या परिसरात उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्या बांधणाऱ्या मजुरांची कुटुंबे एका कामावरून दुसऱ्या कामावर जातात आणि त्यांच्या मुलांची शाळा वारंवार तुटते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरीही भावंड सांभाळणाऱ्या मुलीला वर्गात बसता यावे यासाठी कोणीतरी त्या भावंडाची सोय करावी लागते. अशा कुटुंबाची जवळच्या अंगणवाडीशी गाठ घालून देणे, मुलाचे नाव शाळेत घालण्यास आईबापांबरोबर जाणे, सुटीच्या दिवशी तासभर गोष्टी सांगण्यास वेळ देणे, एवढे तर आपल्यापैकी अनेकांना सहज करता येईल. ताराबाईंनी सुरुवात केली तीही एका अंगणापासूनच.